सुट्टीचं विमान आणि गुडघ्यांची जागा: सीट घेण्याआधी काय काय बघावं

विमानात तुमच्या वाट्याला किती जागा येणार, हे तीन जण मिळून ठरवतात. विमान बनवणारी कंपनी आतली रुंदी ठरवते, त्यामुळे खांद्यांचं आणि कमरेचं भवितव्य बरंचसं कारखान्यातच ठरून गेलेलं असतं. दोन रांगांत किती अंतर ठेवायचं हे एअरलाइन ठरवते, म्हणजे गुडघे तिच्या हातात. आणि कुठल्या रांगेत बसायचं, हे तुम्ही. नवखे प्रवासी या तिन्हींची सरमिसळ करतात. ‘अमुक विमानात पाय छान मोकळे राहतात’ असं कोणी सांगितलं, तर ते कुठल्या एअरलाइनचं होतं हे आधी विचारा. त्याच बनावटीचं विमान एकीकडे ऐसपैस असतं, तर दुसरीकडे गुडघे पुढच्या पाठीला टेकलेले असतात.

खाली दिलेल्या क्रमाने बघत गेलात तर सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र ते तिकीट काढण्याआधी करायचं. नंतर केलंत तर बरीचशी माहिती फक्त हळहळण्यापुरती उरते.

आधी स्वतःचं माप

एका सपाट, कडक स्टुलावर भिंतीला पाठ आणि कंबर टेकवून ताठ बसा. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर कोणाकडून तरी मोजून घ्या. विमानात उपयोगी पडतो तो हा आकडा. नुसत्या उंचीवरून फसगत होते. सारख्याच उंचीच्या दोघांत एकाचं धड लांब असतं, दुसऱ्याच्या मांड्या लांब असतात, आणि अडचण दुसऱ्याची होते.

आता एअरलाइनचा आकडा. वेबसाइटवर ‘सीट पिच’ म्हणून जो दिलेला असतो तो म्हणजे एका सीटवरच्या कुठल्याही बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. म्हणजे त्यात पुढच्या सीटच्या पाठीची जाडीही धरलेली असते. ती वजा केल्याशिवाय पायांची खरी जागा कळत नाही. हल्लीच्या पातळ सीट असतील तर दोन-तीन इंच वजा करा. जुन्या जाड गादीच्या सीट असतील तर आणखी थोडे.

स्वस्त आणि सुट्टीच्या विमानांत पिच सहसा २८ ते ३० इंच असते, म्हणजे ७१ ते ७६ सेंटिमीटर. नेहमीच्या लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीत ३१-३२ इंच. ‘एक्स्ट्रा लेगरूम’ म्हणून जादा पैसे घेऊन विकतात त्या सीट बहुधा ३४ इंचांपासून पुढे. प्रीमियम इकॉनॉमीत ३८च्या आसपास. समजा तुमचं माप २४ इंच आलं आणि पिच २८ आहे. पाठीची जाडी वजा जाता २५-२६ इंच उरतात, म्हणजे गुडघ्यापुढे एखाद-दोन इंच मोकळे. पुढच्याने पाठ मागे केली की तेही गेले. माप २६ आलं असेल, तर २८च्या पिचमध्ये तीन तास बसण्याचा विचारही नको.

या अंतराला कायद्याची खालची मर्यादा सगळीकडे असेल असं वाटतं, पण तसं नाही. ब्रिटनच्या हवाई प्राधिकरणाने १९८९ मध्ये पाठीच्या गादीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत किमान २६ इंच हवेत असं ठरवलं. तेही आरामासाठी नव्हे, तर संकटात माणसाला चटकन उठून बाहेर पडता यावं म्हणून. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने किमान माप ठरवायला सांगितलं आणि त्यासाठी चाचण्याही झाल्या, पण पुढची अनेक वर्षं आकडा काही ठरला नाही. तेव्हा ‘नियमाने एवढी जागा मिळतच असेल’ या भरवशावर राहू नका.

विमानाचं नाव बघा, रुंदी कळेल

बुकिंग करताना उड्डाणाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. तो टिपून ठेवा. सुट्टीच्या मार्गांवर सगळ्यात जास्त भेटणारी दोन कुटुंबं म्हणजे बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२०. दोन्हींत मधे एक वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. ७३७ ची आतली रुंदी ३.५४ मीटर, ए३२० ची ३.७०. फरक १६ सेंटिमीटरचा. तो सहा सीटांत वाटला की प्रत्येकाला साधारण इंचभर येतो. त्यामुळे ७३७ मध्ये सीट सुमारे १७ इंच रुंद असते आणि ए३२० मध्ये १८. कागदावर हा इंच किरकोळ दिसतो. मधल्या सीटवर, दोन्हीकडे भरल्या अंगाचे शेजारी असताना, तो किरकोळ राहत नाही.

७३७ अरुंद का, याचं कारण जुनं आहे. तिच्या धडाची रुंदी १९५७ साली पहिल्यांदा उडालेल्या ७०७ वरून घेतलेली आहे. ७३७ स्वतः १९६७ मध्ये उडाली. त्यानंतर पंख बदलले, इंजिनं बदलली, नावापुढे ‘मॅक्स’ लागलं, पण धड तेवढंच राहिलं. म्हणून ‘नवीकोरी ७३७ मॅक्स’ असं जाहिरातीत वाचून खांद्यांना जास्त जागा मिळेल असं समजू नका. मिळेल ती नवी रोषणाई आणि सामानाचे मोठे कप्पे.

लहान विमान म्हणजे दाटीवाटी, हा समज तर सोडूनच द्या. एअरबस ए२२० मध्ये एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन सीट असतात, आणि त्यातली मधली सीट मुद्दाम सगळ्यात रुंद, सुमारे १९ इंच ठेवलेली असते. एम्ब्रेअरच्या ई१९० सारख्या विमानांत दोन-दोनच सीट, मधली सीट नाहीच. जोडप्याने जायचं असेल आणि वेळ जुळत असेल तर या दोन नावांकडे आधी बघा. बेटांवर नेणारं पंख्यांचं एटीआर ७२ सुद्धा दोन-दोन सीटांचंच असतं. तिथे अडचण होते ती डोक्यावरच्या छोट्या कप्प्यांची.

मोठ्या, दोन वाटांच्या विमानांत मात्र नुसत्या नावावर जाऊन चालत नाही. तिथे एका रांगेत किती सीट बसवल्या आहेत ते मोजावंच लागतं. ए३३० घ्या. बहुतेक ठिकाणी त्यात दोन-चार-दोन अशा आठ सीट असतात आणि प्रत्येकीला जवळपास १८ इंच मिळतात. पण एअरएशिया एक्स आणि सेबू पॅसिफिक याच विमानात तीन-तीन-तीन अशा नऊ सीट बसवतात, आणि मग माणशी साडेसोळा इंचच उरतात. सुट्टीच्या स्वस्त लांब उड्डाणांवर ही मांडणी हमखास भेटते. खांदे रुंद असतील तर रात्रीच्या उड्डाणाला मी असं विमान टाळेन, पिच कितीही चांगली असली तरी.

बोइंग ७८७ ची गोष्ट उलटी. आठ सीटांची मांडणी डोळ्यांपुढे ठेवून ते विमान आखलं गेलं, पण जवळजवळ सगळ्या एअरलाइन्सनी नऊ बसवल्या, त्यामुळे सीट १७ इंचांच्या आसपास आली. जपान एअरलाइन्सने आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर आठच ठेवल्या, आणि फरक बसल्याबसल्या कळतो. ७७७ मध्ये पूर्वी नऊ असत, आता दहा जास्त दिसतात; दहा म्हणजे पुन्हा १७ इंच. ए३५० मध्ये नऊ असतील तर सुमारे १८ इंच, पण काही सुट्टीवाल्या एअरलाइन्स तिथेही दहा बसवतात. जुनं ७६७ मिळालं तर नाक मुरडू नका. त्यात दोन-तीन-दोन सीट असतात, म्हणजे अख्ख्या रांगेत कोंडला जाणारा माणूस एकच. २०१३ मध्ये एअरबसने लांब उड्डाणांसाठी किमान १८ इंच रुंदीचा मानदंड असावा अशी जाहीर मागणी केली होती. प्रतिस्पर्ध्याच्या विमानांत १७ इंचांच्या सीट बसत असताना केलेली ही मागणी किती निःस्वार्थ, ते ज्याचं त्याने ठरवावं.

एकूण सीट मोजा

जाहिरातीत ‘आरामदायी’ हा शब्द फुकट असतो. एकूण सीटांची संख्या लपवता येत नाही. ७३७-८०० मध्ये जास्तीत जास्त १८९ प्रवासी बसवता येतात. ए३२० मध्ये १८० ही नेहमीची दाट मांडणी, काही एअरलाइन्स १८६ किंवा त्याहूनही जास्त बसवतात. ए३२१निओ मध्ये कमाल २४४. विझ एअर ही स्वस्त एअरलाइन त्यात २३९ बसवते. तुमच्या विमानाचा आकडा कमाल मर्यादेच्या जितका जवळ, तितकी दाटी. ७८७-८ या एकाच विमानात जेटस्टार ही स्वस्त एअरलाइन ३३५ सीट बसवत आली आहे आणि जपान एअरलाइन्स आंतरराष्ट्रीय मार्गांवर दोनशेच्या आसपास. विमान तेच, पण प्रवास अगदी वेगळा.

यात एक मेख आहे. पुढे मोठा बिझनेस क्लास असेल तर एकूण आकडा आपोआप कमी दिसतो, मागे इकॉनॉमीत गर्दी तशीच असू शकते. शिवाय वाढीव सीट दर वेळी गुडघ्यांतूनच काढलेल्या असतात असंही नाही. ए३२० मध्ये काही सीट मागचं स्वयंपाकघर आणि शौचालयं आक्रसून मिळवलेल्या असतात. तिथे पाय वाचतात आणि शौचालयात कोपरं भिंतींना लागतात. म्हणून हा आकडा एकटा न बघता पिचच्या जोडीने बघा. सीटचा नकाशा एअरलाइनच्या साइटवर असतोच. एरोलोपा या साइटवर मात्र विमानागणिक प्रमाणात काढलेले नकाशे मिळतात, आणि खिडकी नेमकी कुठे येते तेही त्यांत दिसतं.

रांग निवडताना

खरी कमाई किंवा खरी फसगत इथेच होते, म्हणून या पायरीला वेळ द्या.

पंखांजवळच्या इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत पायांना सर्वात जास्त जागा मिळते, कारण ती वाट मोकळी ठेवणं बंधनकारक असतं. ७३७-८०० आणि ए३२० मध्ये पंखांवर दोन्ही बाजूंना दोन-दोन दारं असतात, त्यामुळे अशा रांगा सहसा दोन. दोन्हींची किंमत सारखी असेल तर मागची घ्या. पुढच्या एक्झिट रांगेची पाठ बहुतेक वेळा मागे होत नाही, कारण मागे झाली तर ती दुसऱ्या दाराच्या वाटेत येते. एक्झिटच्या अगदी आधीच्या रांगेचीही तीच गत: जादा जागा नाही आणि पाठही हलत नाही. ती रांग नकाशावर साधी दिसते आणि नवखे तिथेच सापडतात.

एक्झिटला अटी असतात. मुलं, गरोदर स्त्रिया, कडेवर बाळ असलेले, बेल्टला जादा पट्टा लागणारे, दार उघडण्याची ताकद नसलेले यांना तिथे बसवत नाहीत. क्रूच्या सूचना कळल्या पाहिजेत आणि गरज पडली तर मदत करायची तयारी हवी. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायांशी हातातली पर्ससुद्धा चालत नाही. पैसे भरून ही सीट घेतली आणि अटीत बसला नाहीत, तर क्रू तुम्हाला उठवतो आणि पैसे परत मिळण्याची खात्री नसते. ए३२१ च्या काही मांडण्यांत मधे पूर्ण उंचीचं दार असतं आणि त्याच्या मागच्या खिडकीच्या सीटपुढे सीटच नसते. पाय पूर्ण लांब करता येतात. पण दाराचा फुगवटा बाजूने आत येतो आणि तिथे गारवाही जाणवतो, हे धरून चाला.

सगळ्यात पुढची, समोर भिंत असलेली रांग अनेकांना मोहात पाडते. गुडघ्यांना जागा असते, पुढून कोणी पाठ मागे करत नाही. पण पुढच्या सीटखाली पाय सरकवायची सोय नसते, त्यामुळे उंच माणसाला पाय वाकवूनच बसावं लागतं. ट्रे हाताच्या दांड्यात दुमडलेला असतो, म्हणून दांडा जाड होतो, वर उचलता येत नाही आणि सीट थोडी अरुंद होते. लांब उड्डाणांत पाळणा लावायची जागाही तिथेच असते. तान्ह्या बाळाच्या आईवडिलांनी ही रांग आवर्जून मागावी. शांत झोप हवी असलेल्यांनी आवर्जून टाळावी.

शेवटच्या रांगांत विमान निमुळतं होत जातं, अगदी शेवटच्या रांगेची पाठ बहुधा मागे होत नाही आणि शौचालयाची रांग डोक्याशी उभी राहते. मोठ्या विमानांत मात्र याच निमुळतेपणाचा एक फायदा आहे. धड अरुंद झाल्यावर खिडकीकडच्या तीन सीटांच्या जागी दोनच मावतात, त्यामुळे ७७७ च्या शेवटच्या काही रांगांत जोडप्यासाठी खिडकीलगत सुटी जोडी मिळते, आणि भिंत व सीट यांच्यामध्ये पिशवीपुरती फटही असते. नकाशावर मागच्या बाजूला ही जोडी शोधा. जाणकार आधी तीच उचलतात.

खिडकीच्या सीटवर दोन गोष्टी तपासा. एक, खिडकी खरोखर आहे का. ७३७-८०० मध्ये पंखांच्या थोडं पुढे वातानुकूलनाचा नळ भिंतीतून वर जातो आणि तिथे ‘खिडकीच्या’ सीटला नुसती भिंत मिळते. दुसरं, भिंतीचा बाक खाली आत वळतो, त्यामुळे बाहेरच्या पावलाला जागा कमी पडते. लांब पल्ल्याच्या विमानांत सीटमागच्या टीव्हीच्या यंत्रणेची पेटीही काही सीटखाली असते आणि एका पायाची जागा खाते. नवीन विमानांत ती लहान झाली आहे किंवा नाहीच.

उंच माणसाला एक्झिट मिळाली नाही, तर माझा कौल वाटेकडच्या सीटला. एक पाय अधूनमधून बाहेर काढता येतो. जेवणाची ट्रॉली येताना तेवढा तो आत घ्या, क्रूला प्रत्येक वेळी गुडघा दिसतोच असं नाही.

पैसे कधी मोजावेत

दोन तासांच्या उड्डाणाला जादा जागेसाठी पैसे घालवू नयेत, गुडघे प्रत्यक्ष टेकत नसतील तर. चार तासांच्या पुढे हिशोब बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून प्रवास केला की पायाच्या नसांत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो खूप कमी असतो, सुमारे सहा हजारांत एक. पण आधी गाठ झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारा आणि वाटेकडची सीट घ्याच.

सीटचे पैसे दर टप्प्याला वेगळे लागतात. मधे विमान बदलायचं असेल तर जाऊन-येऊन चार टप्पे होतात, आणि चारही टप्प्यांना जादा सीट घेण्याऐवजी फक्त लांब टप्प्यांना घ्या. टूर पॅकेजमध्ये सीट कोण देणार, टूर कंपनी की एअरलाइन, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. अशा पॅकेजांत बुकिंग क्रमांक कधी कधी एअरलाइनच्या साइटवर चालतच नाही, आणि मग सीट निवडायची वेळ निघून जाते.

तान्हं बाळ बरोबर असेल तर आणखी एक. तीन सीटांच्या वर ऑक्सिजनचे मास्क सहसा चारच असतात, म्हणून एका बाजूच्या तीन सीटांत कडेवरची दोन बाळं बसवत नाहीत. दोन कुटुंबं मिळून जात असाल तर पुढच्या-मागच्या रांगा घ्या.

ऐन हंगामात विमान बदलतं

सुट्टीच्या दिवसांत एअरलाइन्सकडे विमानं कमी पडतात. मग दुसऱ्या कंपनीचं विमान वैमानिक आणि क्रूसकट भाड्याने घेतलं जातं. तिकिटावर नाव एकाचं, धावपट्टीवर विमान दुसऱ्याचं. तुमची १६ वी रांग जुन्या विमानात एक्झिटची असेल, नव्यात ती साधी रांग निघते. यावर पूर्ण उपाय नाही, पण सीट घेतल्यावर नकाशाचा फोटो आणि पैसे भरल्याची पावती ठेवा, आठवडाभर आधी आणि मग चेक-इन सुरू होताना विमानाचा प्रकार पुन्हा बघा. बदललं असेल तर लगेच संपर्क करा, कारण चांगल्या सीट आधी बोलणाऱ्याला मिळतात. जादा पैशांच्या सीटऐवजी साधी सीट मिळाली, तर फरक परत मागा. बहुतेक एअरलाइन्स तो देतात, पण आपण होऊन क्वचितच.

सीटवर पोचल्यावर

पाठीवरची पिशवी वर ठेवा. ती पुढच्या सीटखाली गेली की इंच-इंच मोजून मिळवलेली पायांची जागा तीच अडवते. समोरच्या खिशात पाण्याची बाटली किंवा जाड पुस्तक कोंबू नका, ते थेट गुडघ्यावर येतं. नव्या पातळ सीटांत हा खिसा ट्रेच्या वर नेलेला असतो तो याच कारणाने. कंबर अगदी मागे टेकवून बसा. घसरून बसलं की गुडघे पुढे जातात. पाठ मागे करण्याआधी एकदा वळून बघा, मागच्याच्या ट्रेवर गरम चहा असू शकतो. अनेक स्वस्त एअरलाइन्सच्या सीटांची पाठ मुळातच हलत नाही, तेव्हा बटण सापडलं नाही तर सीट बिघडली आहे असं समजून ओढाताण करू नका.

वाटेकडचा दांडा वर उचलता येत नाही असं दिसतं. बहुतेक विमानांत त्याच्या खालच्या बाजूला, बिजागरीजवळ, एक छोटी कळ असते. ती दाबली की दांडा वर होतो आणि पाय वळवून बसायला किंवा उठायला सोपं जातं. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तो खाली हवा.

दारं बंद झाल्यावर मागे रिकामी रांग दिसली तर क्रूला विचारून जा. जादा पैशांच्या रांगेत फुकट बसू देत नाहीत, हे आधीच धरून चाला. आणि एटीआरसारख्या लहान विमानात उड्डाण होईपर्यंत न विचारता हलू नका, तिथे कोण कुठे बसलंय यावर विमानाचा तोल मोजलेला असतो.